नायिकेला पांढरी साडी कोण नेसवतं?

(मांडवी, रत्नागिरी इथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



गेल्या महिन्याच्या बैठकीत तुमच्यातल्याच एकीनं मला ऐकवलं, "ताई, दर वेळी कायदा, पोटगी आणि पोलीस ठाणं. एकदा तरी सिनेमाबद्दल बोला की!" सगळ्याजणी हसलात. मग कुणावर बोलायचं यावरून कालवा झाला. मागच्या रांगेतल्या आज्या देव आनंदवर अडून बसल्या, मधल्या वयाच्या बायांना राजेश खन्ना हवा होता आणि पोरींना शाहरुख खान. एक गोष्ट तेव्हाच माझ्या मनात टोचली. प्रेमाच्या सिनेमाचा विषय निघाला आणि आपल्या तिन्ही पिढ्यांना आठवले ते पुरुषच. प्रेम काय त्यांनी एकट्यानं केलं होतं? समोर बाई होतीच ना! तिचं नाव एकीच्याही तोंडी आलं नाही.

म्हणून आज मी एका नटीबद्दल बोलणार आहे. तुम्ही सगळ्यांनी तिला पाहिलेलं आहे, पण ती कोण हे फार थोड्या जणींना माहीत असेल. 'नया दौर'मधली दिलीपकुमारची आई आठवते? 'गाइड'मधली राजूची आई? 'गंगा जमुना'मधली आई? ती एकच बाई. लीला चिटणीस. आपल्या मराठी, धारवाडला जन्मलेल्या. आणि या सगळ्या आया होण्याआधी त्या हिंदी पडद्यावरच्या सर्वांत लाडक्या प्रेयसी होत्या.

मला हे कळलं ते माझ्या आत्येमुळे. आपल्या कोकणातल्या बायांचा आणि पडद्यावरच्या प्रेमाचा संबंध जुना आहे, आणि तो जरा दुखराही आहे. नवरा मुंबईला गिरणीत, बायको इथे सासू, गुरं आणि भातशेती सांभाळत. गणपती आणि शिमगा मिळून वर्षातून पंधरा-वीस दिवसांचा संसार. उरलेलं वर्ष मनीऑर्डर आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र. त्या पत्रात मनातलं काय सांगणार? "इकडील सर्व ठीक" एवढंच. माझ्या आत्येला नवऱ्यानं उभ्या आयुष्यात एकदाच मुंबई दाखवली. त्या खेपेत तिनं 'झूला' पाहिला. पस्तिशीत ती विधवा झाली. पुढे कधी घरी कुणी नसलं की ती तो सिनेमा मला सांगायची, जसा काही तो तिच्याच आयुष्यात घडला होता.

ऐंशीच्या दशकात आमच्या आळीत एकच टीव्ही होता. एका रविवारी दूरदर्शनवर 'आवारा' लागला. माजघरात पन्नास माणसं. पडद्यावर ती सोसणारी आई आली आणि आत्ये एकदम ओरडली, "अगो, ही तर लीला चिटणीस! हिला म्हातारी कुणी केली?"

सगळे हसले. आत्ये मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिचा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न समजा.

आधी लीलाबाईंचं आयुष्य थोडक्यात सांगते. वडील इंग्रजीचे प्राध्यापक, त्यामुळे घरात शिक्षण होतं. लग्न लहान वयातच झालं, डॉ. गजानन चिटणीस यांच्याशी. चार मुलगे झाले. घरात राजकारणाचं वारं होतं. मानवेंद्रनाथ रॉय भूमिगत असताना या घरानं धोका पत्करून त्यांना आसरा दिला होता. पुढे नवरा-बायको विभक्त झाली. आता विचार करा. तीसचं दशक आहे. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, पदरात चार पोरं. आजही अशी बाई आपल्या केंद्रात येते तेव्हा पहिला प्रश्न काय असतो? "ताई, खाऊ काय?" लीलाबाईंनी शाळेत शिकवलं, नाटकांतून कामं केली. 'नाट्यमन्वंतर'च्या त्या काळात स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करायची ही गोष्ट मराठी रंगभूमीवर नुकती रुजत होती. मग त्या सिनेमात आल्या. 1936 मध्ये मास्टर विनायकांचा 'छाया' आला. त्याची कथा वि. स. खांडेकरांची. 1937 च्या 'जंटलमन डाकू'त त्यांनी पुरुषी वेष केला. महाराष्ट्रातली पदवीधर, घरंदाज नटी अशी त्यांची जाहिरात झाली. या जाहिरातीतला 'घरंदाज' शब्द लक्षात ठेवा. बाई चांगली की वाईट याची मोजपट्टी सिनेमानं अशी पहिल्यापासूनच हातात धरली होती.

मग 1939 साल. मालाडला बॉम्बे टॉकीज नावाची कंपनी होती, हिमांशू राय आणि देविका राणी यांची. तिथे 'कंगन' निघाला. नायक अशोककुमार, नायिका लीला चिटणीस. गावातली साधी पोर आणि जमीनदाराचा मुलगा यांचं प्रेम. चित्रपट तुफान चालला. लागोपाठ 1940 मध्ये 'बंधन' आणि 1941 मध्ये 'झूला'. तिन्हीत हीच जोडी. डोळ्यांनी बोलायचं कसं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोककुमारांनीही पुढे कबूल केलं. 1941 मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत लीलाबाई झळकल्या. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय नटी.

आता इथे जरा थांबू या. पडद्यावर ती अल्लड गावातली पोर बघून देशभरची तरुण मुलं उसासे टाकत होती, तेव्हा ती पोर प्रत्यक्षात चार मुलांची आई होती. नवऱ्यापासून वेगळी झालेली, स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली. संसार आणि बाळंतपणं झाली म्हणून तिच्यातलं प्रेम, लाजणं, हसणं काही आटलं नव्हतं. उलट त्याच्याच जोरावर तिच्या घरात चूल पेटत होती. आई आणि प्रेयसी या दोघी एकाच बाईत सुखानं नांदत होत्या. फक्त प्रेक्षकाला त्यातली एकच दाखवली जात होती.

मग 1948 साल आलं. 'शहीद' या चित्रपटात लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या. दिलीपकुमार तेव्हा पंचविशीतले. लीलाबाईंनी अजून चाळिशीही गाठली नव्हती. 'झूला'ला उणीपुरी सात वर्षं झाली होती. आणि त्यांचे नायक अशोककुमार? ते साधारण लीलाबाईंच्याच वयाचे. 1949 मध्ये त्यांचा 'महल' आला. ते अडतीस वर्षांचे आणि समोर नायिका मधुबाला, वय वर्षं सोळा! 1953 च्या 'परिणीता'त मीनाकुमारी, 1958 च्या 'हावडा ब्रिज'मध्ये पुन्हा मधुबाला. एकाच झोपाळ्यावर बसलेली दोन माणसं. त्यातल्या बाईला खाली उतरवून स्वयंपाकघरात पाठवलं, आणि पुरुष तसाच झुलत राहिला.

अशोककुमारांनी हे केलं असं मी म्हणत नाही. ते मोठे नट होते, आणि त्यांनीही पुढे वडिलांची, आजोबांची कामं केली. पण ती त्यांच्या वाट्याला किती उशिरा आली, ते बघा. यामागे पैशाचाही भाग होता. स्टुडिओत नट-नट्यांना महिन्याचा पगार असे. युद्धाच्या काळात सिनेमात काळा पैसा शिरला, स्टुडिओची पगारी पद्धत मोडली आणि चित्रपट एकेका नटाच्या नावावर विकला जाऊ लागला. पैसा लावणारे पुरुष, लिहिणारे पुरुष, दिग्दर्शक पुरुष. पुरुषाचं वय वाढलं की त्याला रुबाब आला म्हणायचं, आणि बाईचं वाढलं की ती उतरली म्हणायचं. उतरली, उतारवय. हे शब्द बाजारात भाजीसाठीसुद्धा वापरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पुढे लीलाबाईंच्या वाट्याला कसल्या आया आल्या तेही बघू. 1951 चा 'आवारा'. जज्जाच्या बायकोला डाकू पळवून नेतो आणि सोडून देतो. ती परत येते तेव्हा गरोदर असते. नवरा संशय घेतो आणि तिला घराबाहेर काढतो. ती रस्त्यावर बाळंत होते आणि मुलाला हालात वाढवते. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर परित्यक्ता. आणि शेवटी मरते कशी? त्याच नवऱ्याच्या गाडीखाली येऊन! राज कपूरचा तो चित्रपट मोठाच आहे. नवऱ्याच्या अन्यायाचा जाब त्यात भर कोर्टात विचारला जातो. पण विचारतो तो मुलगा, आणि त्याची वकीलही त्याची प्रेयसीच. ज्या बाईवर अन्याय झाला ती काहीच न विचारता मरून गेलेली असते. खऱ्या आयुष्यातल्या लीलाबाई मात्र मेल्या नाहीत, रडतही बसल्या नाहीत. कामाला लागल्या.

आणि 1965 चा 'गाइड'. रोझी नवऱ्याला सोडून येते, तिला नाचायचं असतं. राजू तिला घरी आणतो. राजूच्या आईला हे सोसत नाही. लग्नाची बाई, नवऱ्याला टाकून आलेली, वर नाचणारी! शेवटी आईच घर सोडून निघून जाते. आता ही आई कोण? लीला चिटणीस! नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, नाटक-सिनेमात पोट भरलेल्या लीलाबाईंना त्याच वाटेनं निघालेल्या दुसऱ्या बाईला दार बंद करायचं काम मिळालं. ते काम त्यांनी चोख केलं. पण ते करताना त्यांच्या मनात काय आलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

मला म्हणायचं आहे ते हेच. वयानुसार भूमिका बदलतात, यात दुःख मानण्यासारखं काही नाही. आईचं काम कमी दर्जाचं आहे, असंही मी म्हणत नाही. त्याच कामानं लीलाबाईंना पुढची जवळजवळ चाळीस वर्षं भाकरी दिली. दुःख याचं आहे की आईच्या अंगावर पांढरी साडी चढली की तिचं बाकीचं सगळं काढून घेतलं जातं. कमाई, हौस, राग, शरीर, कुणीतरी आपलं असावं ही इच्छा, सगळंच. उरतो तो खोकला, शिवणयंत्र आणि मुलाची वाट. जी बाई स्वतः चार मुलांना कमावून वाढवत होती, तशी आई तिला पडद्यावर क्वचितच करायला मिळाली.

दुर्गाबाई खोट्यांचीही गोष्ट अशीच. तरुणपणी वैधव्य, पदरात दोन मुलगे. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'त त्या राणी होत्या, आणि पुढे वर्षानुवर्षं आई. या बायांनी स्वतःचं म्हणणं मांडलं ते कुठे? पुस्तकांत. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' 1970 चं, लीलाबाईंचं 'चंदेरी दुनियेत' 1981 चं, दुर्गाबाईंचं 'मी, दुर्गा खोटे' त्याच सुमाराचं. पडद्यानं जे बोलू दिलं नाही ते त्यांनी कागदावर उतरवलं. आपल्या वाचन गटानं ही तिन्ही पुस्तकं आणून वाचावीत असं मला वाटतं. लीलाबाईंनी आणखीही खटपट केली. 1942 मध्ये 'किसीसे ना कहना' हा चित्रपट काढला आणि 1955 मध्ये 'आज की बात' दिग्दर्शित केला. त्या काळात दिग्दर्शकाच्या खुर्चीत बाई दिसणं दुर्मीळ होतं. पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची आईच.

पुढे हीच रीत पडली. 1957 च्या 'मदर इंडिया'त नर्गिस आणि सुनील दत्त आई आणि मुलगा झाले. दोघांचाही जन्म 1929 चा, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एकमेकांशी लग्न केलं. राखी 1976 च्या 'कभी कभी'त अमिताभ बच्चनची प्रेयसी होती. सहा वर्षांनी 'शक्ती'त ती त्याची आई झाली. आपली रीमा लागू 1989 च्या 'मैंने प्यार किया'त सलमान खानची आई, दोघांच्या वयात अंतर फक्त सात वर्षांचं. लीलाबाईंपासून ही सगळी एकच ओळ आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, हे सिनेमावाल्यांचं झालं, आपल्याला काय त्याचं? म्हणून आता आपल्या केंद्रातली गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे. नाव-गाव सांगणार नाही, आणि ओळखायचा प्रयत्नही करू नका.

काही वर्षांपूर्वी एक बाई केंद्रात आली. वय त्रेचाळीस. नवरा पंधरा वर्षांपूर्वी मुंबईत दुसरा संसार मांडून बसलेला. हिनं हंगामात कॅनिंगला जाऊन, एरवी मासळी सुकवून दोन मुलगे वाढवले. मोठा नोकरीला लागला होता. ती म्हणाली, "ताई, एक माणूस आहे. बायको वारलेली. आम्हाला एकत्र राहायचं आहे. काय करावं लागेल?" दोनच दिवसांनी मुलगा आला. भला मुलगा. आईसाठी जीव टाकणारा. तो म्हणाला, "आईला आम्ही काय कमी केलं? हे तिचं वय आहे का?"

आणि आम्ही काय केलं? मी खरं ते सांगते, कारण खोटं बोलायला मी इथे उभी नाही. पोटगीसाठी जिच्याबरोबर आम्ही तालुक्याला दहा खेपा घातल्या असत्या, तिला आम्ही म्हटलं, "जरा थांब, धाकट्याचं लग्न होऊ दे." आमच्यातली एक म्हणाली, "लोक केंद्राला नावं ठेवतील." मी गप्प बसले. मारहाण झालेली बाई आम्हाला पटकन समजते. हातात बांगड्या भरून, हसत आलेली बाई आम्हाला समजली नाही. आत्येनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. हिला म्हातारी कुणी केली? मीच केली. स्त्रीमुक्तीची गाणी म्हणणाऱ्या मीच तिला पांढरी साडी नेसवली.

ती मात्र शहाणी निघाली. पुन्हा आली आणि म्हणाली, "धाकट्याच्या लग्नापर्यंत थांबायचं, तर मग नातवंडांपर्यंत का नको? एकदाच काय ते सांगा." तेव्हा आम्ही कामाला लागलो. पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलं नसेल तर दुसरं लग्न ठरतच नाही, उलट गुन्हा होतो, हे तिला समजावलं. हिंदू विवाह कायद्यात सलग दोन वर्षं टाकून दिलं असेल तर त्या कारणावरून घटस्फोट मागता येतो. 1976 च्या दुरुस्तीनं ही सोय झाली. इथे तर पंधरा वर्षं झाली होती. अर्ज केला. वेळ लागला, पण निकाल मिळाला. आज ती दोघं एकत्र राहतात. मोठा मुलगा वर्षभर बोलत नव्हता. गेल्या गणपतीत तो आईकडे आला, जेवला आणि जाताना त्या माणसाला 'काका' म्हणाला. एवढंच. पण एवढ्यासाठी किती वर्षं लागली!

आता काळ बदलतोय असं म्हणतात. थोडा बदललाही आहे. 2012 मध्ये गौरी शिंदे या आपल्या मराठी मुलीनं 'इंग्लिश विंग्लिश' केला. त्यात श्रीदेवी पुण्याची गृहिणी शशी गोडबोले आहे. लाडू करून विकते, दोन मुलांची आई आहे, आणि एका परक्या माणसाला आवडतेही. श्रीदेवी तेव्हा पन्नाशीला टेकलेली होती. आई आणि आवडती बाई पुन्हा एकाच साडीत दिसल्या. शेवटी ती घरीच परतते, हे खरं. पण परतताना ती मान वर करून परतते. तो सिनेमा एका बाईनं लिहिला आणि दिग्दर्शित केला, हा काही योगायोग नव्हे.

लीलाबाई शेवटची वर्षं अमेरिकेत मुलांकडे होत्या. जुलै 2003 मध्ये तिथेच, डॅनबरी नावाच्या गावी त्या गेल्या. वयाची नव्वदी ओलांडली होती. त्यांची ओळख लोकांना आठवते ती सिनेमातली सोशिक आई म्हणून. आपण त्यांना तेवढ्यावर सोडायचं नाही.

म्हणून आज घरी जाताना प्रत्येकीनं एक काम करायचं आहे. मोबाइलवर 'कंगन' किंवा 'झूला'तलं एखादं गाणं शोधा आणि आपल्या आईला, सासूला, घरातल्या विधवा आत्येला दाखवा. मग त्यांना विचारा की तुम्हाला कोण आवडायचं, काय हवं होतं, आणि आता काय हवं आहे. उत्तर ऐकताना "या वयात?" हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. पुढच्या महिन्यात त्या उत्तरांवरच आपली बैठक होईल.

माझ्या आत्येला मी हे कधी विचारलं नाही. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेच्या तळाशी लक्सचा एक जुना, रिकामा कागद निघाला. वास केव्हाच उडाला होता. तिनं मात्र तो नीट घडी घालून ठेवला होता.